प्रभागांच्या सीमा आणि नागरिकांची जाण : बंगळुरूचा अनुभव

मतदारसंघांची व प्रभागांची पुनर्रचना हा विषय दीर्घकाळ प्रशासकीय कचेऱ्यांपुरता मर्यादित राहिला. बंगळुरू शहरात मात्र २००८ ते २०२५ या काळात याच विषयाने न्यायालये, नागरी संघटना आणि सामान्य रहिवासी यांना एकाच चर्चेत आणले. या बदलत्या जाणिवेचा आणि त्यातून मिळणाऱ्या धड्यांचा हा आढावा.

लोकशाहीत मताला मोल असते ते मतपेटीत पडलेल्या चिठ्ठ्यांच्या बेरजेमुळे, हे सर्वमान्य आहे. परंतु ही बेरीज कोणत्या सीमेच्या आत करावयाची, हा प्रश्न मतदानाच्या कितीतरी आधी सुटलेला असतो. एका प्रभागात तीस हजार आणि शेजारच्या प्रभागात नव्वद हजार रहिवासी असतील व दोन्हीकडून एकेकच नगरसेवक निवडून जाणार असेल, तर दुसऱ्या प्रभागातील नागरिकाच्या मताचे वजन पहिल्याच्या एक तृतीयांश राहते. मतदारयादीत नाव असूनही प्रतिनिधित्वात तो मागे पडतो. सीमा आखण्याच्या कामाचे गांभीर्य येथे आहे.

परिसीमनाची घटनात्मक चौकट

लोकसभा व विधानसभा यांच्या मतदारसंघांची पुनर्रचना प्रत्येक जनगणनेनंतर व्हावी, असा राज्यघटनेच्या ८२ व्या आणि १७० व्या अनुच्छेदांचा मूळ आशय आहे. त्यासाठी संसदेने १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ असे चार वेळा परिसीमनविषयक कायदे केले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मात्र राज्यांना मिळणाऱ्या जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठविली. लोकसंख्या नियंत्रणात यश मिळविणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व त्या यशामुळेच घटू नये, हा त्यामागील विचार होता. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. राज्याच्या एकूण जागा न बदलता अंतर्गत सीमा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने आखण्याची मुभा २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने दिली.

महानगरपालिकांची स्थिती निराळी आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. अनुच्छेद २४३-यू नुसार त्यांची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे बंधनकारक आहे. मात्र प्रभागांच्या सीमा कोणी आखाव्यात, हे राज्यांच्या कायद्यांवर सोडलेले आहे. केरळमध्ये राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोग हे काम करतो. इतर अनेक राज्यांत हा अधिकार राज्य शासनाकडे आहे व कर्नाटक त्यांपैकीच एक होय. बंगळुरूमधील पुढील घडामोडी समजून घेण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उदासीनतेचा कालखंड

बंगळुरूची वाढ मुळातच दोन तोंडांनी झाली. जुन्या पेठांचे शहर आणि ब्रिटिशांची छावणी अशा दोन वस्त्यांसाठी १८६२ मध्ये दोन स्वतंत्र नगरपालिका स्थापन झाल्या. १९४९ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन एक महानगरपालिका अस्तित्वात आली. त्यानंतरच्या अर्धशतकात सार्वजनिक उद्योग, संशोधन संस्था आणि पुढे माहिती तंत्रज्ञान यांमुळे शहर चहूबाजूंनी पसरले. विधानसभेच्या मतदारसंघांचा नकाशा मात्र १९७० च्या दशकातील राहिला.

याचे परिणाम विलक्षण होते. बंगळुरू नागरी जिल्ह्यात २००४ पर्यंत विधानसभेचे १६ मतदारसंघ होते. मध्यवर्ती भागातील भारतीनगर किंवा जयमहल यांसारखे मतदारसंघ आकाराने लहान होते, तर दक्षिण सीमेवरील उत्तरहळ्ळी हा मतदारसंघ देशातील सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक गणला जाई. नव्या वसाहती, कारखान्यांच्या चाळी आणि शहराने गिळलेली गावे यांचा बहुतांश भार अशा काही मोजक्या मतदारसंघांवर पडला होता.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने २००२ पासून केलेल्या कामातून हे चित्र बदलले. राज्य विधानसभेच्या एकूण २२४ जागा कायम राहिल्या, परंतु बंगळुरू नागरी जिल्ह्याच्या जागा १६ वरून २८ झाल्या. उत्तरहळ्ळी, वर्तूर, बिन्नीपेट हे मतदारसंघ इतिहासजमा झाले. महादेवपुरा, बोम्मनहळ्ळी, के. आर. पुरम, दासरहळ्ळी अशी नवी नावे पुढे आली. लोकसभेसाठी बंगळुरू मध्य हा नवा मतदारसंघ निर्माण झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये नवी रचना लागू झाली आणि मे २००८ मध्ये तिच्या आधारे विधानसभा निवडणूक घेणारे कर्नाटक हे पहिले राज्य ठरले.

एकूण संख्या स्थिर असल्याने राजधानीला मिळालेल्या १२ जागा राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आल्या होत्या, ही बाब लक्षणीय आहे. तरीही त्या वेळची चर्चा प्रामुख्याने उमेदवारीभोवती फिरली. कोणत्या नेत्याचा मतदारसंघ गेला, कोणाला नवा शोधावा लागला, यापलीकडे ती फारशी गेली नाही. आयोगाच्या आदेशांना न्यायालयात आव्हान देता येत नाही, अशी तरतूद घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदात आहे. त्यामुळे सीमा ही वरून येणारी, स्वीकारावयाची गोष्ट आहे, अशी धारणा सर्वसाधारणपणे रूढ होती.

१९८ प्रभागांचे शहर

याच सुमारास महानगरपालिकेचेही रूप पालटत होते. जानेवारी २००७ मध्ये जुनी महानगरपालिका, भोवतालच्या सात नगरपालिका, केंगेरी हे नगर आणि ११० गावे यांचे विलीनीकरण करून बृहत् बंगळुरू महानगरपालिका स्थापन करण्यात आली. जुन्या शहराच्या तिपटीहून मोठे क्षेत्र एका छत्राखाली आले. १०० प्रभागांच्या जागी १९८ प्रभाग झाले. जुन्या महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २००६ मध्ये संपली होती. नव्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक मात्र मार्च २०१० मध्ये झाली. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकांकडे होता.

प्रभागांची ही रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. २०११ ची जनगणना झाली तेव्हा महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८४ लाखांवर पोहोचली होती. सरासरीने एका प्रभागात सुमारे ४२,६०० रहिवासी येत होते. प्रत्यक्षात बाहेरच्या वर्तुळातील काही प्रभाग नव्वद हजारांच्या आसपास गेले होते, तर जुन्या शहरातील काही प्रभाग तीस हजारांच्या आतच होते. रचना अमलात येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच ती कालबाह्य ठरू लागली होती. ऑगस्ट २०१५ ची निवडणूकही याच सीमांवर झाली.

या विषमतेचा दैनंदिन जीवनाशी असलेला संबंध पाण्याच्या प्रश्नातून ठळकपणे दिसतो. २००७ मध्ये शहरात आलेल्या ११० गावांपर्यंत कावेरीचे पाणी नेणाऱ्या पाचव्या टप्प्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तोपर्यंतच्या सतरा वर्षांत तेथील बहुतांश रहिवाशांची भिस्त कूपनलिका व टँकर यांवर होती. २०२४ च्या उन्हाळ्यातील तीव्र टंचाईची सर्वाधिक झळही याच भागांना बसली. या विलंबाला निधी, भूरचना, नियोजन अशी अनेक कारणे होती, केवळ प्रभागरचनेला त्याचा दोष देता येणार नाही. तथापि, ज्या भागाची लोकसंख्या मोठी आणि सभागृहातील आवाज अपुरा, त्या भागाचा प्रश्न मागे पडण्याची शक्यता अधिक असते, ही बाब बाहेरच्या वस्त्यांतील रहिवाशांना अनुभवाने उमगली. सीमांविषयीच्या आस्थेचे मूळ येथे शोधावे लागते.

सीमा आणि लांबलेल्या निवडणुका

सप्टेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार पुन्हा प्रशासकांकडे गेला. त्याच वर्षी राज्य शासनाने प्रभागांची संख्या २४३ करण्याचा निर्णय घेतला. निवडणूक जुन्या १९८ प्रभागांवर वेळेत घ्यावी की नव्या रचनेची वाट पाहावी, हा प्रश्न न्यायालयात गेला. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने १९८ प्रभागांनुसार निवडणूक घेण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बंगळुरूसाठीचा स्वतंत्र महानगरपालिका कायदा जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रभागरचना आठ आठवड्यांत पूर्ण करण्यास सांगितले. जून २०२२ मध्ये २४३ प्रभागांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला व हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत देण्यात आली. या अल्प अवधीत तीन हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. जुलैमध्ये अंतिम अधिसूचना निघाली. तत्कालीन सत्ताधारी पक्षाच्या आमदारांच्या क्षेत्रांत प्रभाग वाढले व विरोधकांच्या क्षेत्रांत घटले, असा आरोप विरोधी पक्षाने केला. लोकसंख्या बाहेरच्या भागात वाढल्याने प्रभागही तेथेच वाढणार, असे समर्थन दुसऱ्या बाजूने करण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने प्रभागरचनेविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस प्रभागांच्या आरक्षणाची अधिसूचना रद्द केली.

मे २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. उच्च न्यायालयाच्या परवानगीने रचना पुन्हा हाती घेण्यात आली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये २२५ प्रभागांची नवी अधिसूचना निघाली. हे २२५ प्रभागही निवडणुकीपर्यंत पोहोचले नाहीत. बृहत् बंगळुरू प्रशासन कायदा मे २०२५ मध्ये अमलात आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एका महानगरपालिकेच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा पाच महानगरपालिका स्थापन झाल्या. त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण आहे. या पाचही महानगरपालिकांसाठी प्रारूपात ३६८ व नोव्हेंबर २०२५ च्या अंतिम रचनेत ३६९ प्रभाग निश्चित झाले. त्यांपैकी पश्चिमेस ११२, उत्तर व दक्षिण यांना प्रत्येकी ७२, मध्यास ६३ आणि पूर्वेस ५० प्रभाग आले.

अशा रीतीने तीन वर्षांत एकाच शहराचे तीन नकाशे अधिसूचित झाले. त्यांपैकी २४३ आणि २२५ प्रभागांच्या नकाशांवर एकही मत पडले नाही. हे तिन्ही नकाशे २०११ च्याच जनगणनेवर बेतलेले होते. त्या जनगणनेत बंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या, बालकांसह, सुमारे ९६ लाख होती. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तेथील केवळ मतदारांचीच संख्या नव्वद लाखांच्या पुढे गेली होती. रेषा काटेकोर असल्या तरी ज्या आकड्यांवर त्या ओढल्या गेल्या ते आकडे जुने होते.

दृष्टिकोनातील बदल

या दीर्घ प्रक्रियेत नागरिकांची भूमिका टप्प्याटप्प्याने बदलत गेली.

पहिला बदल विषयाच्या आकलनात झाला. विधानसभेच्या पुनर्रचनेच्या वेळी जो विषय उमेदवारांचा मानला गेला, तो २०२२ मध्ये रहिवाशांचा झाला. निवासी संघटना प्रारूप नकाशे तपासू लागल्या. एकच वसाहत दोन प्रभागांत विभागली गेली काय, सीमा मुख्य रस्ता, नाला वा लोहमार्ग यांसारख्या नैसर्गिक खुणा पाळते काय, प्रभागाचे जुने परिचित नाव का बदलले, असे प्रश्न हरकतींमधून पुढे आले. नाव हा वरकरणी भावनेचा भाग वाटतो. परंतु तक्रार कोठे करावयाची व जाब कोणाला विचारावयाचा, हे रहिवाशाला प्रभागाच्या ओळखीवरूनच कळते.

दुसरा बदल हितसंबंधांच्या स्पष्टतेचा होय. जुन्या पेठा व विस्तार वसाहतींतील रहिवाशांना प्रभाग घटण्याची चिंता वाटते, तर बाहेरच्या वर्तुळातील रहिवाशांना अधिक प्रभाग हवे असतात. दोन्ही मागण्या त्यांच्या जागी समजण्याजोग्या आहेत. जुन्या भागात दाट झोपडवस्त्या आहेत आणि तेथील गरीब कुटुंबांना नगरसेवकाची गरज सर्वाधिक भासते. बाहेरच्या भागात मूलभूत सुविधाच अपुऱ्या आहेत. शहराचा नकाशा म्हणजे या दोन गरजांमधील तडजोड असते, हे भान चर्चेत उतरले.

तिसरा बदल अधिक मूलगामी आहे. प्रारंभी अधिक प्रभाग व लहान प्रभाग म्हणजे सुधारणा, असे समीकरण अनेकांना मान्य होते. २०११ च्या लोकसंख्येनुसार १९८ प्रभागांत सरासरी ४२,६०० रहिवासी येतात, २४३ प्रभागांत ३४,७००, २२५ प्रभागांत ३७,५०० आणि ३६९ प्रभागांत सुमारे २२,९००. लहान प्रभागात नगरसेवक नागरिकांच्या जवळ येतो, यात शंका नाही. मात्र प्रत्येक सुधारणेबरोबर निवडणूक पुढे जात राहिल्याने या समीकरणाकडे साशंकतेने पाहिले जाऊ लागले. ‘नकाशा कोणता’ या प्रश्नाच्या जोडीला ‘निवडणूक केव्हा’ हा प्रश्न उभा राहिला. नगरसेवकच नसलेल्या शहरात प्रभाग लहान असून उपयोग काय, अशी ही रास्त शंका होती. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात आणि मे २०२२ मध्ये सुरेश महाजन प्रकरणात हेच तत्त्व मांडले होते. पुनर्रचना अपूर्ण आहे या कारणास्तव स्थानिक संस्थांच्या निवडणुका अनिश्चित काळ लांबवता येत नाहीत, हा त्याचा सारांश.

चौथी बाब आरक्षणाची. महानगरपालिकेत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत आणि कोणता प्रभाग राखीव हे चक्रानुक्रमाने ठरते. रचना बदलली की चक्राची मोजणी नव्याने सुरू होते. एखाद्या प्रभागात पाच वर्षे काम करून अनुभव मिळविलेल्या नगरसेविकेचा प्रभागच पुसला जातो. अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गीय यांच्या बाबतीतही हेच घडते. वारंवार होणाऱ्या पुनर्रचनेची ही किंमत आकडेवारीत सहसा दिसत नाही.

महाराष्ट्राला परिचित प्रश्न

मराठी वाचकांना बंगळुरूचा हा अनुभव परका वाटणार नाही. मुंबई महानगरपालिकेच्या प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करण्यात आली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सत्तांतरानंतर ती पुन्हा २२७ झाली. मार्च २०२२ मध्ये राज्यात प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारा कायदा झाला. त्याच महिन्यात मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, तर निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. पुण्यासह इतर शहरांत एकसदस्यीय की बहुसदस्यीय प्रभाग, हा वाद दर निवडणुकीच्या तोंडावर उभा राहतो. या सर्व ठिकाणी रचना ठरविणारा आणि त्या रचनेतून लाभ वा तोटा होणारा, हे दोघे परस्परांपासून पुरेसे दूर नाहीत, हेच मूळ दुखणे आहे.

इतर लोकशाही देशांचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये ओल्ड सारम या जवळजवळ निर्जन ठिकाणाहून १८३२ च्या सुधारणा कायद्यापर्यंत दोन सदस्य संसदेत जात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १८१२ मध्ये राज्यपाल एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत सरड्यासारख्या वेड्यावाकड्या आकाराचा मतदारसंघ आखला गेला आणि पक्षहितासाठी सीमा वळविण्याच्या प्रकाराला त्यांचेच नाव चिकटले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात समान लोकसंख्येचे तत्त्व प्रस्थापित केले. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००८ मध्ये सीमा आखण्याचे काम लोकप्रतिनिधींकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे सोपविण्याचा कौल दिला. पुढे २०२५ मध्ये इतर राज्यांतील पक्षीय पुनर्रचनेला उत्तर म्हणून त्याच मतदारांनी संसदीय मतदारसंघांपुरता तात्पुरता अपवाद मान्य केला. लोकमत एकदा जागे झाले म्हणजे सुधारणा कायमची स्थिरावली, असे समजता येत नाही.

पुढील दिशा

बंगळुरूच्या अनुभवातून काही निष्कर्ष निघतात.

पहिला, प्रभागरचनेचा अधिकार सत्तारूढ शासनाऐवजी स्वायत्त यंत्रणेकडे असावा. केरळचे उदाहरण यासाठी हाताशी आहे. दुसरा, रचनेचे वेळापत्रक महापालिकेच्या मुदतीशी बांधलेले असावे. मुदत संपण्यापूर्वी ठराविक काळ आधी रचना पूर्ण झाली नाही, तर निवडणूक आपोआप जुन्या सीमांवर व्हावी. तिसरा, लोकसंख्येतील फरकाची कमाल मर्यादा कायद्यात नमूद असावी आणि ती ओलांडणाऱ्या प्रभागाबाबत लेखी कारण देणे बंधनकारक असावे. चौथा, हरकतींसाठी पंधरा दिवस अपुरे आहेत. नकाशे स्थानिक भाषेत, रस्ते व वस्त्यांच्या नावांसह प्रत्येक प्रभाग कार्यालयात पाहावयास मिळाले पाहिजेत. प्रत्येक हरकतीवर काय निर्णय झाला व का, हे जाहीर झाल्याखेरीज सुनावणीला अर्थ उरत नाही.

पाचवा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना लांबल्यामुळे देशभरातील पुनर्रचना जुन्या आकड्यांवर होत राहिल्या. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक २०२५ मध्ये अधिसूचित झाला. ती २०२६ नंतरची पहिली जनगणना असल्याने १९७६ पासून गोठलेल्या जागांचा प्रश्नही तिच्याशी जोडलेला आहे. लोकसंख्यावाढ आटोक्यात ठेवणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत याविषयी व्यक्त होणाऱ्या चिंतेत कर्नाटकही सहभागी आहे. येथे बंगळुरूची स्थिती उद्बोधक आहे. राष्ट्रीय पातळीवर केवळ लोकसंख्येवर जागा ठरू नयेत, असे हे राज्य म्हणते, तर त्याच्याच राजधानीतील बाहेरच्या वस्त्या लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मागतात. २०२३ मध्ये बंगळुरू दक्षिण मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार होते, तर शिवाजीनगरमध्ये ते दोन लाखांच्या आसपास होते. म्हणजे २००८ मध्ये दूर केलेली विषमता पंधरा वर्षांत पुन्हा तिपटीवर आली होती. राज्याराज्यांतील समतोल आणि एका शहरातील मतांची समानता ही दोन्ही तत्त्वे न्याय्य आहेत. त्यांची सांगड घालणे हे यापुढील परिसीमनाचे खरे आव्हान आहे.

वाढत्या शहराची सीमा एकदाच आखून कायमची ठेवता येत नाही आणि दर सत्तांतराला ती बदलणेही हिताचे नाही. बंगळुरूच्या नागरिकांनी या काळात पुनर्रचनेकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. नकाशा वाचणे, हरकत नोंदविणे, न्यायालयात दाद मागणे हे सर्व त्यांनी केले. ३६९ प्रभागांच्या रचनेचे मूल्यमापनही अखेर एकाच कसोटीवर होईल. जेथे पाणी सर्वांत उशिरा पोहोचले, त्या ११० गावांतील रहिवाशाला आपला प्रश्न मांडणारा प्रतिनिधी ठराविक मुदतीत, खात्रीने आणि इतरांइतक्याच वजनाच्या मताने निवडता येतो की नाही, ही ती कसोटी होय.